दावणीची मोटार

बिभीषण सुताराने साडेतीन वर्षे एका मोटारीची उस्तवार केली आणि तेवढ्या काळात तो तिच्यात एकदाही बसला नाही. भीती वाटायची म्हणून नव्हे. माणूस बसला की वजन वाढते, आणि वजन कमी करण्यातच त्याची ती साडेतीन वर्षे गेली होती.

गाव पिंपळझरी, तालुका पाटोदा, जिल्हा बीड, राज्य निजामाचे. गावात सुतारकीच्या दोन तक्षिमा होत्या, म्हणजे सुतारांच्या दोन घरांनी गाव अर्धे-अर्धे वाटून घेतले होते. देशमुखांच्या बाजूची औते, गाड्या, दारे-चौकटी बिभीषणाकडे. पाटलांच्या बाजूचे काम त्याचा चुलतभाऊ आश्रुबा याच्याकडे. दोघांच्या कामात फारसा फरक नव्हता. फरक पडायचा तो वर्षातून एकदा, पोळ्याला. वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल देशमुखांचा जायचा. त्या बैलाच्या कपाळाला बाशिंग बांधायचे आणि कासरा धरून त्याच्या पुढे चालायचे, हा मान देशमुखांच्या सुताराचा. बिभीषणाच्या आज्याने तो कासरा धरला, बापाने धरला, आता बिभीषण धरत होता. आश्रुबा पाटलांच्या बैलाचा कासरा धरून चार पावले मागे असायचा. ती चार पावले बिभीषण वर्षभर जपून वापरायचा. पाणवठ्यावर आश्रुबा काही बोलला की तो नुसता हसायचा आणि आश्रुबा गप्प व्हायचा.

बिभीषण अंगाने चिपाड होता, आणि हातात येईल ती वस्तू तोलून बघायची त्याला खोड होती. लग्नात सासऱ्याने दिलेला पितळी तांब्या त्याने भर मांडवात तळहातावर तोलला आणि ‘तळ उगाच जाड हाय’ असे सांगितले. ही गोष्ट त्याची बायको दगडाबाई अठरा वर्षांनंतरही विसरली नव्हती. त्याला विसरू देणे तर लांबच. पण याच खोडीमुळे त्याची दमणी, म्हणजे माणसे नेणारी हलकी बैलगाडी, नाव कमावून होती. दुसऱ्यांच्या दमणीचे बैल मांजरसुंब्याला पोचेपर्यंत फेसाळत. बिभीषणाच्या दमणीचे बैल पोचल्यावर वैरण मागत.

फसली १३४१ च्या उन्हाळ्यात, म्हणजे इंग्रजी १९३२ साली, सुंदरराव देशमुख नगरला खिल्लारी खोंड बघायला गेले आणि मोटार घेऊन आले. छावणीतला एक गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला होता. त्याने विकायला काढलेल्या सामानात ही होती. दोन माणसांची, शर्यतीच्या हौसेची चिमुकली गाडी. दार एकच, छप्पर कापडी, पुढे दोन नळकांड्यांचे उघडे इंजिन. इंजिन थंड ठेवायला पाणी लागत नसे, समोरून येणारा वारा पुरे व्हायचा. मागचा कणा सायकलीसारखा साखळीवर फिरायचा. आठ गडी लावले तर ती उचलून बांधापलीकडे ठेवता यायची, आणि गावात येताना पहिल्याच ओढ्यात तशी ठेवावीही लागली. गाडीबरोबर साहेबाने एक लाकडी पेटी दिली होती. मागच्या कण्यावर एक मोठे दातेरी चक्र बसलेले होतेच. पेटीत त्याच्यापेक्षा लहान अशी आणखी दोन होती. ती कशासाठी, हे साहेबाने सांगितले होते, पण इंग्रजीत.

सुंदररावांकडे सोन्याचे घड्याळ होते, ते बंद असायचे. प्रवास ते विड्यांवर मोजत. बीडहून घरी यायला मोटारीला पाच विडे लागले आणि त्यातले दोन मांजरसुंब्याच्या घाटातच संपले. घाटाच्या मधोमध प्रवाशांची सर्व्हिस मोटार शेजारून गेली. आतल्या एका म्हाताऱ्याने डोके बाहेर काढून, देशमुखांना यायचे असेल तर जागा करतो, असे चांगल्या मनाने विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी बिभीषणाला बोलावणे गेले.

“बिभीषणा, हिच्यात दमच न्हाई,” सुंदरराव म्हणाले. “साहेबानं दगा केला.”

बिभीषणाने गाडीभोवती एक फेरी मारली. पुढचा भाग धरून वीतभर उचलून बघितला आणि खाली ठेवला.

“दम हाय मालक. वझं लई हाय.”

बोलताना त्याची नजर आपल्या पोटाकडे गेली असे सुंदररावांना वाटले. ती खरोखरच गेली होती. पण तिथे काही काढण्यासारखे बिभीषणाच्या हातात नव्हते, म्हणून त्याने मोटारीपासून सुरुवात केली.

ज्याला वजन आहे आणि काम नाही ते ठेवायचे नाही, हा त्याचा एकच नियम. पहिल्यांदा दिवे गेले, कारण दिवेलागणीनंतर सुंदरराव घराबाहेर पडत नसत. मग दार गेले. समोरची काच गेली तेव्हा देशमुखांच्या डोक्याचा रुमाल मांजरसुंब्याच्या फाट्यावर उडाला आणि एका लिंबावर जाऊन बसला. तेव्हापासून ते रुमालावरून हनुवटीखाली नाडी बांधू लागले. बसायची चामडी गादी काढून बिभीषणाने बाजेसारखी अंबाडीच्या सुतळीची वीण घातली. तळाला मळ्यातल्या पांगाऱ्याच्या फळ्या आल्या. पांगारा इतका हलका की त्याची फळी पाण्यात टाकली तर भिजायलाही वेळ लागतो. पत्र्याचे अंग उतरवून बुरुडाकडचा बारीक बांबूचा तट्टा लावला, त्यावर कापड ताणले आणि कापडाला चिंचोक्याची खळ दिली. तट्टा ढोलासारखा टणक झाला. मृगाच्या एका सरीत खळ विरघळली आणि मोटार ओल्या धोतरासारखी लोंबू लागली. बिभीषणाने कापड काढून पुन्हा ताणले. मग त्याने खळीऐवजी जवसाचे तेल तीन हात दिले. ते टिकले.

जे काढता येत नव्हते त्याला त्याने भोके पाडली. सामत्याने, म्हणजे दोरीने फिरवायच्या गिरमिटाने, एकेक, नीट ओळीत. पायाखालच्या पट्ट्या, चाकाच्या आधाराचे लोखंड, ब्रेकची दांडी. ब्रेकची दांडी चाळणीसारखी झाल्यावर एके दिवशी सुंदररावांच्या हातात वाकली. नवी केली तर वजन वाढले असते. मग चालताना पायाचा ब्रेक होताच, आणि उभी करायची तेव्हा मोटार गोठ्यात, बैलांच्या रांगेत, कासऱ्याने दावणीला बांधायची असे ठरले. देशमुखांच्या दावणीला सात बैल होते. आठव्या खुंट्याला मोटार.

इंजिनाचे तेल नगरहून डब्यातून यायचे. एका पावसाळ्यात डबा आला नाही, तेव्हा बिभीषणाने एरंडेल ओतले. गाडीच्या कण्याला आपण पिढ्यान्पिढ्या एरंडेलच घालतो, मग इथे का नको, एवढाच विचार. विलायतेत शर्यतीच्या मोटारी त्याच तेलावर पळवतात हे त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी त्यात त्याला नवल वाटले नसते. फक्त जुने तेल पुरते काढून टाकावे लागे आणि दर अमावास्येला आतला चिकटा खरवडावा लागे. गाडी आता गोड आवाजात पळायची आणि मागे एरंडेलाचा वास सोडून जायची. लहानपणी नाक दाबून एरंडेल घेतलेली माणसे देशमुखांची मोटार गेली की पोटावर हात ठेवीत.

शेवटी त्याने पेटीतल्या चक्रांना हात घातला. उसाचा चरक त्याने कैकदा बांधला होता. कुणाचे दाते किती आणि कोण कितीदा फिरतो हे त्याला इंग्रजीतून कळण्याची गरज नव्हती. मागच्या कण्यावरचे अठ्ठेचाळीस दात्यांचे चक्र काढून त्याने सगळ्यात लहान, तीस दात्यांचे बसवले आणि साखळीच्या जास्तीच्या कड्या काढल्या. इंजिनाच्या तेवढ्याच फिरण्यात मागचे चाक आता जास्त पळणार. मूळच्या वजनावर इंजिनाला ते झेपले नसते. पण मूळचे वजन आता होते कुठे? त्या हिवाळ्यात सुंदरराव बीडहून अडीच विड्यांत घरी आले. घाटाला अर्धा विडाही लागला नाही. सर्व्हिस मोटार त्यांनी वळणावर गाठली, तिच्या शेजारी चालवत राहिले, आणि आतल्या लोकांना कुणाला यायचे असेल तर जागा करतो, असे विचारूनच पुढे गेले.

हे सगळे ठीक चालले असताना फसली १३४४ च्या आषाढात जनावरांत लाळ-खुरकताची साथ आली.

सरकारने जनावरांचे बाजार बंद केले. देशमुखांच्या दावणीचा एकच बैल गेला, पण तो हौश्या होता, मानाचा. पिंपळझरीची रीत अशी की तोरणाखालून पहिला जायचा तो बैल मानकऱ्याच्याच दावणीचा, घरी झालेला, घरी वाढलेला हवा. विकत आणलेला चालत नाही. देशमुखांचे बाकीचे सहा बैल नगरचे आणि धारूरचे. घरचे म्हणावे असे एक गोऱ्हे होते, हौश्याचा धाकटा भाऊ, ते आठ महिन्यांचे. मानकऱ्याकडे बैल नसेल तर मान पाटलांकडे जायचा. आणि त्याबरोबर पहिले बाशिंग आणि पहिला कासरा आश्रुबाकडे. आश्रुबा पाणवठ्यावर आता काहीच बोलत नव्हता, नुसता हसत होता. बिभीषणाचे जेवण कमी झाले.

पोळ्याला नऊ दिवस असताना चावडीवर बैठक बसली. धर्मराज पाटील शांत डोक्याचे गृहस्थ. तंबाखू मळता मळता म्हणाले, “देशमुख, हौश्या गेला, आमाला बी वाईट वाटलं. पर रीत ती रीत. औंदा तुमच्या दावणीला घरचं काय न्हाई.”

“हाय की,” सुंदरराव म्हणाले.

“कोण?”

“मोटार.”

चावडीवर कुणी हसले नाही. हसण्याआधी जरा खात्री करून घ्यावी असे प्रत्येकाला वाटले.

“मोटार इकत घेतलेली हाय,” पाटील म्हणाले.

“घेतली तवा हुती. आता तिच्यात साहेबाचं काय राह्यलंय? बिभीषणा, ऊठ. सांग ह्यांना.”

बिभीषण उठला. त्याने हे बोलणे ठरवून आणले नव्हते, पण यादी त्याला पाठ होती. “बसायची जागा आपल्या अंबाडीची. फळ्या मालकाच्या मळ्यातल्या. अंग आपल्या बुरुडाचं, कापड आपल्या साळ्याचं, वरचं जवस आपल्या घाण्याचं. पोटातलं तेल मालकाच्या रानातल्या एरंडाचं. साहेबाचं इंजिन हाय, चाकं हायेत आन्...”

“आन् काय?”

“भोंगा. त्यो बी काढायचा हाय.”

मागून आश्रुबा म्हणाला, “दावणीला झाली म्हणतूस, मंग तिची माय कोण बे?”

“माय न्हाई,” बिभीषण म्हणाला. “बाळंतपण मी केलंय. तीन वरसं चाललं.”

आता मात्र चावडी हसली. पाटीलही हसले. त्यांनी तंबाखू दाढेखाली ठेवली आणि सगळ्यांना वाटले होते त्यापेक्षा लवकर मान डोलावली.

“बरं. मोटार तर मोटार. पर बैल म्हणून जायचं तर बैलासारखं जायचं. तुमच्या दारातनं वेशीपतुर, बैलाच्या चालीनं. पुढं सुतार कासरा धरून. मधी थांबली, का मागनं कुणी ढकलली, का मान आमचा. आन् औंदापुरता न्हाई. कायमचा.”

“कबूल,” सुंदरराव म्हणाले. बिभीषणाला विचारायला त्यांना सवड झाली नाही.

घरी जाताना बिभीषणाने देशमुखांच्या दारापासून वेशीपर्यंतची पावले मोजली. दोनशे पंचवीस. दोनशेच्या आसपास त्याच्या ध्यानात आले की पाटलांनी इतक्या लवकर होकार का दिला. त्याने मोटार पळायला शिकवली होती. चालायला शिकवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारापर्यंत चालवून बघितले. बिभीषण कासरा धरून पुढे. मोटारीने एक झेप घेतली आणि ती बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा झेप, आणि या वेळी बिभीषणाला पारावर उडी मारावी लागली.

“पळती मातर झकास,” सुंदरराव म्हणाले.

“पळायचं न्हाई मालक. चालायचंय. त्ये मोठं चाक परत बसवाया लागंल.”

“मंग बसव. कुठं हाय?”

बिभीषण घराकडे वळला. अठ्ठेचाळीस दात्यांचे चक्र कुठे आहे हे त्याला चांगले ठाऊक होते. ते त्याच्या घरात रांजणाखाली होते. रांजण डुगडुगतो, एक तिवई करून द्या, असे दगडाबाई कित्येक दिवस म्हणत होती. शेवटी कंटाळून तिने अडगळीतून हे चक्र काढले आणि त्यावर रांजण ठेवला. साखळीच्या काढलेल्या कड्यांना तिने शिंके टांगले होते, त्यात दही असायचे.

“अगं, त्ये चाक पायजे हुतं.”

“कावून?” दगडाबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. “आता लोकाच्या मोटारीत वझं घालायचं हाय का?”

“थोडं.”

“आधी काढायचं, मंग घालायचं. आन् माजा रांजण?”

“तिवई करून देतो.”

“कधी?”

“पोळा झाला की.”

“मंग चाक बी पोळा झाला की न्या.”

त्या दिवशी बिभीषणाने दुसऱ्या कुणाचे काम हातात घेतले नाही. संध्याकाळपर्यंत सागाची तिवई तयार झाली, तीन जाड पायांची, खाली आडव्या पट्ट्या मारलेली. दगडाबाईने ती उचलून बघितली. “चांगली जड केली,” ती म्हणाली, आणि कडेचे पाणी पुसून चक्र त्याच्या हातात दिले. कड्यांसाठी मात्र शिंक्याला नवी सुतळी वळून द्यावी लागली.

मोठे चक्र बसले आणि मोटार चालू लागली. दगडाबाईच्या रांजणाने चक्रावर गंज चढवला होता. बिभीषणाने प्रत्येक दाता कानशीने घासला. सुंदररावांना पायाखाली नेमके किती दाबायचे हे शिकायला दोन दिवस लागले. पोळ्याच्या आदल्या दिवशी मोटार पारापर्यंत जाऊन आली, मधे न थांबता, आणि बिभीषण त्या दिवशी चार भाकरी जेवला.

पण एक गोष्ट कुणाच्याच हिशेबात नव्हती. सुंदररावांची आई सुभद्राबाई.

सुभद्राबाई ऐंशीच्या पुढच्या. मोटारीवर त्यांचा कधी विश्वास नव्हता, पण एकदा ती बैल ठरल्यावर तिच्या पाहुणचारात त्यांनी कसर ठेवली नाही. खांदेमळणीला त्यांनी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली तशी मोटारीच्या पुढच्या कण्यालाही चोळली आणि उद्या जेवायला ये म्हणून रीतसर आवतण दिले. बिभीषणाची त्याला हरकत नव्हती. कण्याला लोणी चांगलेच. पण पोळ्याच्या दिवशी त्या हौश्याची आरशांची झूल घेऊन आल्या आणि इंजिनावर पांघरू लागल्या.

“आईसाहेब, वारा कोंडंल,” बिभीषण म्हणाला. “इंजिन वाऱ्यावर जगतं.”

“बिनझुलीचा बैल ह्या दारातनं आजवर न्हाई गेला.”

“तापंल ते.”

“श्रावणात कशाचं तापतंय,” सुभद्राबाई म्हणाल्या.

बिभीषणाने झूल गुपचूप वीतभर मागे ओढली. त्यांनी ती दोन वीत पुढे ओढली. मग त्याने इंजिनाच्या वर बाशिंग बांधले, पुढच्या कण्याच्या दोन्ही टोकांना कासरा बांधून एकत्र हातात घेतला आणि पाऊल टाकले. हलग्या वाजू लागल्या. मागे चार पावलांवर पाटलांचा बैल, आश्रुबा आणि शेजारी खुद्द धर्मराज पाटील.

बिभीषण पावले मोजत होता. पन्नासला सगळे ठीक होते. कासरा हातात सैल लोंबत होता, म्हणजे मोटार आपल्या पायाने येत होती. शंभरला सुंदरराव दोन्ही बाजूंच्या लोकांना मान लववून रामराम घालू लागले. दीडशेला एरंडेलाच्या वासात दुसरा एक वास मिसळला, करपलेल्या कापडाचा. चालीचा वेग बैलाचा, त्यामुळे वारा नाही. होता तेवढा झुलीने अडवलेला. एकशे सत्तरला इंजिनाचा सूर खाली आला. एकशे ब्याऐंशीला तो थांबला.

हलग्या एवढ्या जोरात होत्या की रस्त्याच्या कडेच्या कुणाला कळले नाही. बिभीषणाला कळले ते कासऱ्यातून. सैल दोर हळूहळू वर येऊ लागला. तो ताणला जाईल तेव्हा मोटार थांबलेली असेल, आणि मग आज्याचा, बापाचा आणि त्याचा कासरा चार पावले मागे जाईल, कायमचा. बिभीषणाने मागे बघितले नाही. नवी दमणी कामाच्या छपरातून पहिल्यांदा बाहेर ओढताना तो झुकायचा तसा जरासा पुढे झुकला आणि चालत राहिला.

मोटार आली.

ती आली कारण तिच्यात अडून बसण्यासारखे वजन उरलेच नव्हते. दिवे नव्हते, दार नव्हते, पत्रा नव्हता. इंजिन थांबताच सुंदररावांनी गिअरची दांडी ओढून चाके मोकळी सोडली होती, चाकांच्या तुंब्यात एरंडेल होते, कण्यावर सुभद्राबाईंचे लोणी. चिपाड अंगाच्या एका माणसाने ती ओढली आणि ती बैलाच्या चालीने, मान हलवत म्हणावे तशी, त्याच्या मागे चालली. एकशे नव्वद. दोनशे. पुढे वेशीचा दगडी उंबरा होता, चार बोटे उंच, आणि तो एवढ्या ओढीने चढणार नाही हे बिभीषणाला दिसत होते. गाडीत आता एकच वजन राहिले होते, ज्याला पहिल्या दिवसापासून त्याने हात लावला नव्हता.

“मालक,” तो मागे न बघता म्हणाला, “उतरा.”

“कावून?”

“पोळ्याच्या दिवशी बैलावर वझं घालत्यात का?”

सुंदररावांनी क्षणभर विचार केला. आजवर एकाही देशमुखाने पोळ्याला बैलावर काही लादले नव्हते. दार नसल्यामुळे चालत्या गाडीतून नुसता पाय बाहेर टाकला की झाले; त्यांनी तो टाकला. मोटारीचा तळ चार बोटे वर आला. साडेतीन वर्षांत एका वेळी इतके वजन कधीच कमी झाले नव्हते. पुढची चाके उंबऱ्याला लागली, टुणकन वर गेली, मागची गेली, आणि आंब्याच्या पानांचे तोरण बाशिंगाला घासले.

वेशीबाहेर हलग्या थांबल्या. आश्रुबा पुढे आला.

“बंद पडली ती. पाटील, मधीच बंद पडली.”

“थांबली का?” पाटलांनी विचारले.

“बंद पडली म्हणतोय न्हवं.”

“थांबली का बे?”

आश्रुबाने खाली बघितले. “न्हाई.”

“मागनं कुणी ढकलली?”

“मागं तर आपुनच हुतो.”

“मंग चल,” पाटील म्हणाले. “आपला बैल उभा हाय.” मग ते बिभीषणाकडे वळले. “सुतारा, हिचं वझं तरी किती रं?”

“मालक उतरल्यावर काय न्हाई,” बिभीषण म्हणाला.

मारुतीपुढे बैलांची लग्ने लागली, अक्षता पडल्या. मोटारीच्या झुलीला वाटोळे भोक पडले होते. सुभद्राबाईंनी ते बघून ‘बैल तापट हाय’ एवढाच शेरा दिला आणि आवतण दिले होते म्हणून पुरणपोळी गाडीच्या पुढच्या भागावर ठेवली. ती गोऱ्ह्याने खाल्ली. सुंदररावांनी खुशीत येऊन बिभीषणाला गाडीत बस, घरी सोडतो, असे म्हटले. बिभीषणाने नको म्हणून सांगितले. वजन वाढले असते. शिवाय गाडी तेव्हा बंदच होती, आणि घरापर्यंत ओढणार कोण हे उघड होते.

पुढच्या वर्षी त्या गोऱ्ह्याचे खोंड झाले आणि मान नेहमीसारखा गेला. मोटार दावणीच्या आठव्या खुंट्यालाच राहिली. मग लढाई सुरू झाली, पेट्रोलचे डबे नगरहून येईनासे झाले, आणि एके दिवशी सुंदररावांनी बिभीषणाला बोलावून विचारले की अजून काही हलके करता येईल का, म्हणजे होते तेवढ्या पेट्रोलमध्ये लांब जाता येईल. बिभीषणाकडे उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होते. मोटारीत सगळ्यात जड वस्तू इंजिन होती. तीन दिवसांत त्याने ते काढले, पुढे दोन दांड्या आणि जू लावले, आणि हौश्याच्या धाकट्या भावाला तिच्यात जुंपले. रबरी चाकांची, तट्ट्याच्या अंगाची ती दमणी बीडहून चार विड्यांत घरी यायची. सुरुवातीला मोटारीला पाच लागले होते, हे सुंदरराव कुणालाही सांगत.

तिच्यातून बिभीषण आणि दगडाबाई एकदा धारूरच्या बाजाराला गेली. ती आता मोटार राहिली नव्हती, त्यामुळे त्याने बसायला हरकत घेतली नाही. दगडाबाई अंबाडीच्या विणीवर मांडी घालून बसली होती. बरेच अंतर गेल्यावर ती म्हणाली, “हलकी हाय चांगली.”

“हाय ना,” बिभीषण म्हणाला. घाट लागला तसा तो कुणी न सांगता खाली उतरला आणि कासरा धरून पुढे चालू लागला.